कापूस पाणी पितो, आणि धरूनही ठेवतो

माझ्या वडिलांनी आयुष्यभर सुती कपड्यांवाचून दुसरे काही अंगाला लावले नाही. धोतर, बंडी, खांद्यावर पंचा आणि रात्री अंगावर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. टेरिकॉटची लाट आली तेव्हा घरातल्या सर्वांनी त्या कापडाचे सदरे हौसेने शिवले. वडील मात्र ‘अंगाची नुसती काहिली होते’ असे म्हणून त्यापासून दूर राहिले. पुढे ब्याऐंशीव्या वर्षी खुब्याचे हाड मोडून ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या आवडीला मान द्यायचा म्हणून, आणि डॉक्टर म्हणून माझाही तसाच विश्वास होता म्हणून, मी गादीवर मेणकापड घातले आणि त्यावर जुन्या मऊ धोतरांच्या चार-चार घड्या अंथरल्या. सुती आहे, मऊ आहे, ओल शोषून घेते. आणखी काय हवे, असे मला वाटले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांची कूस बदलताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी तो फिका होईना. चार दिवसांत तिथली त्वचा सुटली. ती जखम भरून यायला अडीच महिने लागले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या घरी जाऊन शय्याव्रण कसे टाळावे हे सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी हे घडले.

दोष कापसाचा नव्हता. कापूस पाणी पितो हे मला ठाऊक होते. तो प्यालेले पाणी धरूनही ठेवतो, हे मी विसरलो होतो. ‘सुती तेच चांगले’ हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वचन बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु ते का खरे आहे हे समजले नाही, तर ते कुठे खरे राहत नाही हेही समजत नाही. आपल्या घरात वृद्ध व्यक्ती असेल, किंवा आपण स्वतःच वयाच्या त्या टप्प्यावर असाल, तर अंगाला अहोरात्र लागून असणाऱ्या या वस्तूची थोडी ओळख करून घेणे औषधांच्या ओळखीइतकेच उपयोगाचे आहे.

एका पेशीचा तंतू

कापसाचे बोंड हाती घेऊन त्यातील एक सरकी वेगळी करून पाहा. तिच्यावरचा प्रत्येक केसासारखा तंतू ही वनस्पतीची एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरील पेशी फुलण्याच्या सुमारास लांबू लागते आणि तीन आठवड्यांच्या आसपास आपली पूर्ण लांबी गाठते. त्यानंतर तिच्या आतील बाजूस सेल्युलोजचे थर बसू लागतात, साधारण दिवसाला एक याप्रमाणे. आपल्याकडे सर्वाधिक पिकणाऱ्या जातींत या तंतूची लांबी २५ ते ३० मिलिमीटर भरते; जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते.

बोंड उकलेपर्यंत हा तंतू रसाने भरलेल्या नळीसारखा गोल असतो. बोंड फुटले, ऊन लागले की आतला रस आटतो, नळी चपटी होते आणि फितीसारखा पीळ घेते. या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांत गुंततात आणि त्यांचे सूत कातता येते. आत राहिलेली पोकळी आणि तंतूंच्या मधली हवा यांमुळे कापूस ऊब धरतो. गोधडी उबदार असते ती तिच्या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे.

कापसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोजला पाण्याचे मोठे आकर्षण असते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे आठ ग्रॅम बाष्प आपल्यात सामावून घेतो, आणि तरीही तो हाताला ओला लागत नाही. तेवढ्याच पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅम बाष्पही मुरत नाही. सुती सदरा आणि टेरिकॉटचा सदरा यांतला जो फरक माझ्या वडिलांना अंगावर कळत होता, तो या आकड्यांत आहे.

आणखी एक गुण फार थोड्यांना ठाऊक असतो. बहुतेक तंतू ओले झाले की दुबळे होतात. व्हिस्कोज रेयॉनची ताकद तर ओलेपणी निम्म्यावर येते. कापूस मात्र ओला झाला की अधिक बळकट होतो. म्हणूनच तो आपटून, उकळून, पिळून वर्षानुवर्षे वापरता येतो आणि रुग्णालयातील चादरी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येतात.

वातीचा कापूस आणि दवाखान्यातला कापूस

एक छोटा प्रयोग नातवंडांना बरोबर घेऊन करून पाहा. दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत वाती वळण्यासाठी आणलेल्या देवकापसाचा लहान पुंजका टाका, दुसरीत औषधांच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा. औषधी कापूस काही सेकंदांत भिजून तळाशी जाईल. वातीचा कापूस बराच वेळ पाण्यावर तरंगत राहील.

दोन्ही कापूसच आहेत. मग असे का? शेतातून येणाऱ्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ लेप असतो. पावसापासून आणि दवापासून रक्षण व्हावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. हे मेण पाण्याला दूर ठेवते आणि तेलाला जवळ करते; त्यामुळे कच्चा कापूस वातीला उत्तम, पण जखमेचा स्राव टिपायला निरुपयोगी. औषधी कापूस तयार करताना तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून मेण काढून टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने विरंजन करून तो पांढरा करतात. असा कापूस आपल्या वजनाच्या वीस पटींहूनही अधिक पाणी धरून ठेवू शकतो.

या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. कापडाचे गुण शेतात जितके ठरतात तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते कारखान्यात ठरतात. ‘शंभर टक्के सुती’ असा शिक्का असलेली दोन कापडे अंगावर अगदी निराळी वागू शकतात.

बोंडापासून ताग्यापर्यंत

वेचलेला कापूस आधी जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी आणि रुई वेगळी होते. १०० किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई मिळते, बाकी सरकी. रुईच्या दाबून बांधलेल्या १७० किलोच्या गाठी गिरणीत येतात. तिथे त्या फोडून, पिंजून, विंचरून तंतू सरळ केले जातात आणि त्यांना पीळ देऊन सूत कातले जाते. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. २० नंबरचे सूत जाड चादरीचे, ८० किंवा १०० नंबरचे मलमलीचे.

विणताना ताण्याच्या धाग्यांना मागावर सतत घासले जावे लागते. ते तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चची खळ देतात. विणून झालेले कोरे कापड म्हणूनच ताठ आणि पिवळसर असते. जुन्या वाचकांना कोऱ्या मांजरपाटाचा तो कडक स्पर्श आणि विशिष्ट वास आठवत असेल. पुढे खळ उतरवणे, मेण काढणे, विरंजन, रंगाई असे संस्कार होतात. ताग्याच्या काठावर पूर्वी ‘मर्सराइज्ड’ आणि ‘सॅन्फराइज्ड’ असे शिक्के असत, तेही याच संस्कारांपैकी. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने १८५० मध्ये कापसावर तीव्र कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले; तिने चपटा तंतू फुगून पुन्हा गोलसर होतो, रंग अधिक धरतो आणि बळकट होतो. पुढे ही प्रक्रिया कापड ताणून धरून करू लागले, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळीही आली. सॅन्फराइज्ड कापड आधीच आटवून घेतलेले असते; धुतल्यावर ते फारसे आटत नाही.

वृद्ध त्वचेच्या दृष्टीने शेवटचा संस्कार विशेष महत्त्वाचा. ‘चुरगळत नाही’, ‘इस्त्रीची गरज नाही’ अशी जाहिरात असलेल्या सुती कपड्यांवर बहुधा रेझिनची प्रक्रिया केलेली असते. ती तंतूंना आतून जखडून ठेवते, त्यामुळे सुरकुत्या पडत नाहीत. पण कापड काहीसे कमी शोषक आणि कमी टिकाऊ होते. अशा काही रेझिनांतून फॉर्माल्डिहाइड अल्प प्रमाणात सुटत राहते आणि नाजूक त्वचेच्या माणसांना त्याने खाज, पुरळ येऊ शकते. काखेच्या कडा, मानेचा मागचा भाग, मांड्यांची आतली बाजू अशा, कापड घासणाऱ्या जागी पुरळ दिसले आणि कपडे नुकतेच बदललेले असले, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

साठीनंतर त्वचा पातळ होते, तेलग्रंथींचे काम मंदावते, त्वचेचे संरक्षक आवरण विरळ होते. तरुणपणी ज्या कापडाचे काही वाटले नाही तेच आता टोचू लागते. म्हणून नवा कपडा, तो कितीही स्वच्छ दिसत असला तरी, दोनदा धुऊनच अंगावर घाला. जुन्या लुगड्याची दुपटी आणि जुन्या धोतराचे लंगोट करण्याची आपल्या आज्यांची रीत काटकसरीची होती खरी, पण ती शहाणपणाचीही होती. अनेक धुण्यांनंतर खळ आणि रासायनिक लेप निघून गेलेले असतात, सुताचा पीळ सैलावलेला असतो आणि कापड खऱ्या अर्थाने शोषक झालेले असते.

उन्हाळा आणि पहाटेचा फेरफटका

शरीर थंड राहते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम उडून जाण्याने. सैल विणीचे, सैल शिवलेले सुती कापड घाम टिपून तो मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि हवा खेळती ठेवते. वयाबरोबर घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वृद्धांना उष्माघाताचा धोका अधिक. त्यांच्या अंगावर फिकट रंगाचे, सैल, पातळ सुती कपडे असावेत. बाहेर पडताना डोक्यावर ओला पंचा हा साधा उपाय आजही उत्तम आहे, मात्र तो वाळला की पुन्हा भिजवायला हवा.

याच गुणाची दुसरी बाजू हिवाळ्यात दिसते. पहाटे फिरायला जाणारे काही ज्येष्ठ परत येऊन घामाने भिजलेल्या बनियनवरच पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत बसतात. ओल्या कापसातील हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. ऊब नाहीशी होते आणि कापड हळूहळू वाळताना शरीराची उष्णता खेचत राहते. फिरून आल्यावर आधी कोरडे बनियन, मग चहा, हा क्रम ठेवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी

आता माझ्या चुकीकडे पुन्हा वळतो. शय्याव्रण चार गोष्टींच्या संगनमताने होते: हाडावरचा सततचा दाब, घर्षण, खाली घसरताना त्वचेच्या थरांना बसणारी ओढ, आणि ओल. धोतराच्या घड्यांनी ओल टिपली हे खरे; पण टिपलेली ओल त्वचेला लागूनच राहिली. खाली मेणकापड असल्याने ती कुठे जाऊ शकली नाही. ओली त्वचा पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढुरकी, भुसभुशीत होते. ओल्या कापडाशी तिचे घर्षणही कोरड्याहून जास्त होते. आणि चार घड्यांमुळे तयार झालेल्या कडा व सुरकुत्या नेमक्या माकडहाडाखाली आल्या होत्या.

यातून जे शिकलो ते असे.

पहिली गोष्ट, सुती कापड वापरायचे तर ते ओले होताच बदलायला हवे. ‘सकाळी एकदा आणि रात्री एकदा’ हे पुरेसे नाही. रात्री कोणी उठू शकत नसेल, तर ओल आतल्या थरात ओढून घेणारे चांगले डायपर किंवा टाकाऊ पॅड वापरण्यात कमीपणा मानू नका. त्यातील रसायन द्रवाचा जेलीसारखा गोळा करून तो त्वचेपासून दूर ठेवते. कापसाला हे जमत नाही. अर्थात डायपरही वेळेवर बदलावेच लागते.

दुसरी, खाली एकच सपाट, ताणून बसवलेली चादर असावी. शिवण, गाठ, बटण, गोधडीचा जाड टाका अंगाखाली येऊ देऊ नका. मेणकापड थेट अंगाशी नको. ते ठेवायचेच झाले तर फक्त कमरेखालच्या भागापुरते आणि चादरीच्या खाली ठेवा.

तिसरी, कूस साधारण दर दोन तासांनी बदला. नेमका अवधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. रुग्णाला ओढून सरकवू नका. दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा. सुती चादर यासाठी उपयोगी पडते, कारण ती बळकट असते आणि हातातून निसटत नाही.

चौथी, कापडाची चुंबळ करून माकडहाडाखाली किंवा टाचेखाली ठेवण्याची पद्धत बंद करा. मधला भाग अधांतरी राहतो, पण कडेने दाब वाढून रक्तपुरवठा उलट कमी होतो. टाचा उचलून ठेवायच्या तर पोटऱ्यांखाली पूर्ण लांबीची मऊ उशी द्या.

पाचवी, जुनी कापसाची गादी तपासा. कापूस दबून त्याचे गोळे होतात आणि गादी लाकडासारखी कठीण होते. पूर्वी पिंजारी दारावर येत, धनुकलीच्या तारेने कापूस पिंजून गादी पुन्हा फुलवून देत. आताही गादी पिंजून मिळते. मात्र दीर्घकाळ अंथरुणावर राहणार असलेल्या रुग्णासाठी हवेची किंवा योग्य फोमची गादी अधिक चांगली. गादी पिंजायची असेल तर दमेकरी व्यक्तीला त्या वेळी दूर ठेवा.

रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि खांद्यांची हाडे पाहा. दाबून फिका न होणारा डाग ही धोक्याची घंटा आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे भोवतालच्या भागापेक्षा उष्ण, कठीण किंवा मऊसर लागणारी जागा हाताने शोधा. अशी जागा चोळू नका. तिच्यावरचा दाब तत्काळ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

जखमेवर कापूस ठेवू नका

कापूस औषधी असला तरी तो उघड्या जखमेवर थेट ठेवू नये. त्याचे सुटे तंतू जखमेत चिकटून राहतात आणि पट्टी काढताना नवी त्वचा ओरबाडली जाते. जखमेलगत निर्जंतुक गॉज, म्हणजे विरळ विणीचे कापड, ठेवावे. कापूस हवाच असेल तर त्याच्या वर ठेवावा. चिकटलेली पट्टी ओढून काढू नका. ती सलाइनने भिजवा, थोडे थांबा, मग हलकेच सोडवा. मधुमेही व्यक्तींच्या पायांबाबत हे विशेष लक्षात ठेवा. त्यांनी मोजेही रोज बदलावेत, घट्ट रबराचे नसावेत आणि आत जाड शिवण नसावी. फिकट रंगाच्या मोज्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो, हाही एक फायदा.

धुणे आणि वाळवणे

कापसाला सोडा, साबण, गरम पाणी सहन होते. आम्ल मात्र सोसत नाही, आणि क्लोरीनच्या ब्लीचचा अतिरेक त्याला जीर्ण करतो. लघवी लागलेले कपडे आधी थंड पाण्याने खळबळून काढा, मग गरम पाण्यात पावडर घालून धुवा आणि दोन-तीन पाण्यांतून नीट काढा. कापडात उरलेली पावडर हे वृद्धांच्या खाजेचे एक नेहमीचे कारण असते.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण टॉवेल, पंचे आणि अंथरुणाच्या कापडांना वापरू नका. ते तंतूंवर स्निग्ध लेप चढवते आणि कापडाची शोषकता कमी करते. म्हणजे कारखान्यात प्रयासाने काढलेले मेण आपण घरी वेगळ्या रूपात परत चढवतो.

पावसाळ्यात अधिक सावध राहावे. ओल्या सेल्युलोजवर बुरशी पोसली जाते. दमट कपाटातील चादरीला येणारा कुबट वास हा तिचाच. अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे घातली की जांघेत गजकर्ण बळावतो. जाड सुती कापड वाळायला वेळ घेते, म्हणून पावसाळ्यात पातळ विणीचे कपडे जास्त संख्येने ठेवा आणि आतल्या बाजूने गरम इस्त्री फिरवा. गजकर्ण झाले असल्यास रुग्णाचे कपडे व पंचा वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवा.

देवघरातील दिवा आणि सुती पदर

सुती कपडे जळत नाहीत असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. कापूस कागदासारखा पेटतो. कृत्रिम कापड वितळून त्वचेला चिकटते आणि खोल भाजते. सुती वितळत नाही, पण सैल, पातळ किंवा लव असलेले सुती कापड झपाट्याने ज्वाळा घेते. समईजवळ वाकणारी आजी आणि गॅसपुढे लोंबणारा पदर ही चित्रे आपल्या घरांत रोजची आहेत. पदर खोचून घ्यावा, दिवा उंच आणि स्थिर जागी ठेवावा, शक्य तर सोबत कोणी असावे.

त्वचा कोरडी पडते म्हणून आम्ही अनेकांना पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनयुक्त मलम लावायला सांगतो. हे मलम कपड्यांत आणि चादरीत मुरते. असे कापड पेटले तर अधिक वेगाने जळते, आणि एका धुण्यात मलम पूर्ण निघतही नाही. मलम लावणाऱ्या व्यक्तीने विडी-सिगारेट, निरांजन, शेकोटी यांपासून दूर राहावे. कपड्यांनी पेट घेतलाच तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा इतरांनी जाड ब्लँकेटने ज्वाळा दाबाव्यात, मग भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे आणि रुग्णालय गाठावे.

ज्यांनी हे सूत कातले त्यांच्यासाठी

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या यशस्वी कापड गिरणीची कंपनी काढली; १८७७ मध्ये नागपुरात जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षे महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे या धंद्यावर जगली. आपल्या वाचकांतही अनेक निवृत्त गिरणी कामगार असतील. गाठी फोडणे, पिंजणे, कार्डिंग या खात्यांत उडणारी कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने ‘बिसिनोसिस’ नावाचा विकार होतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे सुरुवातीचे ओळखचिन्ह. पुढे कायमचा खोकला आणि दम लागतो. गिरणी सुटून तीस-चाळीस वर्षे झाली तरी फुप्फुसांची झालेली हानी मागे राहते, आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात तिची स्वतंत्र खूण दिसत नाही.

माझ्या दवाखान्यात असे एक आजोबा येत. त्यांचा दम सगळे विडीच्या नावावर टाकत होते. आपण बावीस वर्षे कार्डिंग खात्यात होतो, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. आपण किंवा आपल्या घरातील कोणी गिरणीत अथवा जिनिंगमध्ये काम केले असेल, तर डॉक्टरांना ते खाते आणि वर्षे सांगा. फुप्फुसांची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. गादी पिंजणे, धूळ झटकणे, चुलीचा धूर यांपासून अशा व्यक्तींनी दूर राहावे.

खरेदी करताना

दुकानात ‘कॉटन’ एवढा शब्द वाचून समाधान मानू नका, टक्केवारी पाहा. मिश्र कापडात अनेकदा पॉलिएस्टरच अधिक असते. अशी चादर लवकर वाळते, चुरगळत नाही, टिकतेही. सोफ्याला किंवा पडद्याला ती उत्तम. अंगालगत मात्र सुतीला प्राधान्य द्या. धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो लगेच पसरला तर कापड शोषक आहे, मोत्यासारखा बसून राहिला तर त्यावर लेप आहे किंवा तंतू कृत्रिम आहे. धाग्यांची मोठमोठी संख्या छापलेल्या महागड्या चादरींचा सोस नको. दाट विणीपेक्षा मऊ, हवा खेळेल अशी साधी वीण आणि नेमाने बदलता येतील इतके जादा संच वृद्धांना अधिक सुख देतात.

वडिलांची जखम भरली ती कोणत्याही दुर्मीळ औषधाने नव्हे. आम्ही हवेची गादी आणली, घड्या काढून एक सपाट चादर ताणून बसवली, रात्रीसाठी डायपर स्वीकारले, आणि भिंतीवर कूस बदलण्याच्या वेळांचा तक्ता लावला. आई, बायको, मुलगा आणि मी, प्रत्येकाच्या नावापुढे तास लिहिलेले. वडिलांना डायपर मुळीच आवडले नाही. पण खांद्यावरचा पंचा आम्ही शेवटपर्यंत काढला नाही. तो रोज धुतलेला आणि कोरडा असे, एवढी काळजी मात्र मी स्वतः घेत असे.